मात्रा चुकते तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

पशुवैद्याच्या घरचा टेलिफोन रात्री अकरानंतर खणखणला, म्हणजे पलीकडून कोणते वाक्य ऐकू येणार, हे चाळीस वर्षांच्या व्यवसायात मला जवळजवळ पाठ झाले होते. "डॉक्टरसाहेब, आमच्या मोतीच्या पोटात काहीतरी गेलंय हो!" या वाक्यात मोती आहे, त्याचे पोट आहे, ते 'काहीतरी'ही आहे, नाही तो फक्त कर्ता. ते काहीतरी आपल्या पायांनी चालत मोतीच्या पोटात शिरले असावे, अशी बोलणाऱ्याची एकंदर भूमिका असते. मग मी एकेक प्रश्न विचारू लागे. काय गेले? किती गेले? केव्हा गेले? चार-पाच प्रश्न झाले, की पलीकडचा आवाज किंचित खाली येई आणि खरी हकिकत बाहेर पडे. मोतीचे अंग गरम लागले, म्हणून घरातल्याच कोणीतरी माणसांच्या औषधांतली एक गोळी गुळाच्या खड्यात घालून त्याला चारलेली असे.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या हरवलेल्या कर्त्याविषयी. घरातील मुक्या प्राण्याला आपल्याच हातून चुकीचे औषध दिले गेले, अथवा योग्य औषध भलत्याच प्रमाणात दिले गेले, तर पुढे काय करावे, हा आजचा विषय. असले प्रसंग निष्काळजी किंवा निर्दय माणसांच्याच घरी घडतात, असे कृपा करून समजू नका. ज्याला प्राण्याची पर्वा नाही, तो त्याला औषध देण्याच्या भानगडीत पडतच नाही. ही चूक होते ती माया करणाऱ्याच्याच हातून, आणि म्हणूनच ती कबूल करणे इतके जड जाते.

प्रथम ही चूक होते कशी, ते पाहू. कुत्र्याच्या व मांजराच्या शरीराचे स्वाभाविक तापमान साधारणपणे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्यापेक्षा ते दोन-तीन अंशांनी अधिक. त्यामुळे निरोगी मांजराच्या अंगाला हात लावला, तरी आपल्या तळहाताला ते गरमच लागते. त्यातून ते बिचारे पावसाळ्याच्या दिवसांत अंगाची वळकटी करून कोपऱ्यात पडलेले असले, म्हणजे 'ताप भरला' असे निदान घरच्या घरी होऊन जाते. आणि ताप म्हटला, की फडताळातली पॅरासिटामॉलची पट्टी आठवते. लहान मुलांना देतात, म्हातार्‍यांना देतात, मग मांजराला द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती फार मोठी आहे. आपण एखादे औषध घेतो, तेव्हा त्याचे काम झाल्यावर ते शरीराबाहेर घालवण्याची व्यवस्था यकृताला करावी लागते. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी जी रासायनिक वाट माणसाच्या यकृतात प्रशस्त आहे, ती मांजराच्या यकृतात निसर्गाने जवळजवळ ठेवलेलीच नाही. साहजिकच ते औषध आडवाटेला लागते, आणि त्यापासून एक विषारी द्रव्य तयार होते. ते रक्तातील तांबड्या पेशींवर घाला घालते. तांबड्या पेशींतील द्रव्याचे रूप असे पालटते, की त्यांना प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. रक्ताचा रंग तांबडा न राहता चॉकलेटसारखा तपकिरी होतो. फुप्फुसे हवा घेत असतात, हृदय धडधडत असते, आणि तरीही ते जनावर आतल्या आत गुदमरत असते.

आता प्रमाणाचा हिशेब करून पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाने पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी घेतली, तर किलोमागे सुमारे आठ मिलिग्रॅम औषध त्याच्या पोटात जाते. तीच गोळी चार किलोच्या मांजराला दिली, तर किलोमागे सव्वाशे मिलिग्रॅम होते. आणि मांजराला तर किलोमागे दहा मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही विषबाधा झाल्याचे आढळले आहे. तेव्हा 'अर्धीच तर दिली' किंवा 'पावच दिली' या समाधानाला येथे काही अर्थ उरत नाही. कुत्र्याला हे औषध मांजराहून पुष्कळच अधिक सोसते. परंतु मात्रा फार झाली, तर त्याच्याही यकृताची हानी होते, आणि ती दिसून यायला एक-दोन दिवससुद्धा लागतात. अंगदुखीवर आपण घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तर कुत्रा आणि मांजर या दोघांनाही घातक आहेत. त्यांनी जठरात व्रण पडतात, काळी शौचास होते, आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, याचे सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याच देशाच्या आकाशात घडले आहे. गुरांच्या सूज-वेदनांवर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत असत. गुरांना त्याचा गुण येई. परंतु असे औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, की त्या पक्ष्यांची मूत्रपिंडे बंद पडत. गिधाडांचे थवेच्या थवे नाहीसे झाले. २००४ साली या मरणाचे कारण उलगडले, आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बनवण्यास बंदी घातली. पुढे २०१५ साली, माणसांसाठी बनणारे मोठ्या बाटलीतले इंजेक्शन गुरांना टोचले जाऊ नये, म्हणून त्याच्या बाटलीची कमाल मर्यादा तीन मिलिलिटर इतकी ठरवण्यात आली. औषध तेच, गाईला उतारा आणि गिधाडाला काळ. मग माणूस आणि मांजर यांच्यात अंतर असावे, यात नवल ते काय?

चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला देणे. कुत्र्याच्या अंगावरील गोचीड आणि पिसवा मारण्यासाठी जी औषधे मिळतात, त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराला मात्र त्याने काही तासांत कापरे भरते आणि झटके येऊ लागतात. तसेच, गुरांसाठी असलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसते. ज्या शोधाबद्दल २०१५ साली दोघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते हे मोठे गुणकारी औषध. पण कोली जातीच्या आणि तिच्या नात्यातल्या अनेक कुत्र्यांच्या अंगी एक आनुवंशिक उणीव असते. मेंदूच्या दारावर जो पहारा असावा लागतो, तो त्यांच्या ठिकाणी ढिला असतो. इतर कुत्र्यांना सहज पचेल अशी मात्रा त्यांना दिली, तर ती मेंदूत शिरते, आणि कुत्रा आंधळ्यासारखा धडपडतो, बेशुद्ध पडतो.

तिसरा प्रकार मापाचा. मिलिलिटरच्या जागी चमचा, अर्ध्याच्या जागी पाच. मधुमेही कुत्र्याला इन्सुलिन टोचणाऱ्यांनी तर फारच जपावे. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये चाळीस एककांचे आणि शंभर एककांचे, अशा दोन्ही तऱ्हांनी मिळते, आणि त्यांच्या सुयाही निरनिराळ्या असतात. शंभराच्या बाटलीला चाळिसाची सुई लावली, तर खुणेप्रमाणे बरोबर भरूनही अडीचपट औषध अंगात जाते. आणि चौथा प्रकार म्हणजे दुहेरी मात्रा. सकाळी यजमान गोळी देऊन कचेरीत जातात, यजमानीणबाईंना ते ठाऊक नसते, त्याही देतात. सुखी संसारातला हा नित्याचा अपघात आहे.

आता मी आपणांस माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

१९७८ साली महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी इंदूरच्या रामबागेत, आमच्या राहत्या घराच्या पुढल्या खोलीत दवाखाना थाटला. मागच्या बाजूला माजघर आणि स्वयंपाकघर. मध्ये एक दार, आणि दाराला नुसता पडदा. माझ्या हाताला यश होते, पण जीभ तिखट होती. कोणी काही वेडेवाकडे करून जनावर घेऊन आला, की उपचाराआधी मी त्याची हजेरी घेई. "तुम्हांला अक्कल आहे का? कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" असे माझे शब्द पडद्यापलीकडे सर्वांच्या कानी जात. लोक खाली मान घालून ऐकत, आणि मला वाटे, मी जनावरांची बाजू घेऊन भांडतो आहे.

आमच्या घरी सोनी नावाची मांजर होती. वस्तुतः ती आईची मांजर. आई सत्तरीला आलेली; वडील गेल्यापासून दुपारचा सारा वेळ तिला सोनीची सोबत. १९९६ च्या श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी पहाटेच मी महूकडील एका खेड्यात अडलेल्या गाईसाठी गेलो होतो, तो परतलो दुपारी चारला. पाहतो तो सोनी न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडलेली. तोंडातून लाळ गळत होती, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, श्वास भराभर चालला होता. मी नेहमीच्या आवाजात विचारले, "काय खाल्लं हिनं? कोणी काय दिलं?" आई म्हणाली, "मला काय ठाऊक बाबा! उंदीरबिंदीर खाल्ला असेल."

आमच्या गल्लीत तेव्हा उंदरांसाठी विष घालीत असत. मी तेच धरून चाललो. त्या विषावरचा उतारा टोचला, सलाईन लावले. तिच्या हिरड्यांचा मातकट रंग मला खटकला होता; नाही असे नाही. पण माझ्या घरात, पशुवैद्याच्या घरात, मांजराला कोणी तापाची गोळी देईल, ही शंका माझ्या अभिमानाला शिवली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

रात्री आठच्या सुमारास आई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हातात पदराचे टोक घट्ट धरलेले. म्हणाली, "अरे, सकाळी आठला मीच तिला अर्धी गोळी दिली. सायीत घालून. कान फार गरम लागले रे तिचे."

बारा तास होऊन गेले होते. या विषबाधेवर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे; माणसांच्या औषधांच्या दुकानातही तो मिळतो. मी धावत जाऊन आणला, दिला. पण हा उतारा जितका लवकर, तितका त्याचा गुण. पहिल्या काही तासांत तो प्राण वाचवतो, पुढे त्याची शक्ती उणी पडत जाते. उजाडण्याआधी सोनी गेली.

मी आईला काही बोललो नाही. तिनेच दुसऱ्या दिवशी आपण होऊन सांगितले, "तू आलास तेव्हाच सांगणार होते. पण तू लोकांना कसा बोलतोस, ते रोज ऐकते ना मी. जीभच उचलली नाही." श्रोतेहो, अठरा वर्षे पडद्यापलीकडून ऐकलेले माझे शब्द त्या दिवशी आमच्या घरात औषधापेक्षाही प्रबळ ठरले. गोळी आईने दिली, हे खरे. पण दुपारी चार ते रात्री आठ हे जे चार तास गेले, ते माझ्या खाती जमा आहेत. चारला उतारा दिला असता, तर सोनी वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. पण तिला ती संधी मिळाली असती.

ही कथा मी अशासाठी सांगितली, की चूक झाल्यावर करावयाच्या गोष्टींत पहिली गोष्ट औषधाची नाही, वाणीची आहे. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने ती तत्काळ, आडपडदा न ठेवता सांगावी; आणि ज्याला सांगितली जाईल, त्याने आधी रागावू नये. रागवायला पुढे सबंध आयुष्य पडलेले असते.

आता क्रमाने सांगतो.

चूक ध्यानात येताच प्रथम घड्याळ पाहा, आणि औषध किती वाजता दिले, ते कागदावर लिहा. गोंधळात माणसाचा काळाचा अंदाज फार चुकतो. दुसरे, उरलेले औषध इतर प्राण्यांच्या व मुलांच्या हाती लागणार नाही असे उचलून ठेवा, पण पट्टी, बाटली वा खोका टाकून देऊ नका. पट्टीतील किती गोळ्या कमी झाल्या, ते मोजा. कुत्र्याने स्वतःच पट्टी चावली असेल, तर जास्तीत जास्त किती गेल्या असतील, तेच धरून चाला. घरात दोन प्राणी असतील, तर दोघांनीही खाल्ले असेल असे समजा. तिसरे, प्राण्याचे वजन. ते ठाऊक नसेल, तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकट्याने उभे राहा, आणि वजाबाकी करा.

एवढे हाती आले, की लगेच पशुवैद्याला टेलिफोन करा. ही माहिती गोळा करण्यात पाच मिनिटांहून अधिक घालवू नका. आणि सांगताना पूर्ण वाक्य सांगा: कोणी दिले, औषधाचे नाव काय, गोळी किती मिलिग्रॅमची, किती दिल्या, किती वाजता, प्राणी कोणता, वय व वजन किती, आधीचा काही आजार आहे का, दुसरे कोणते औषध चालू आहे का, आणि आता तो कसा दिसतो. नेहमीचे डॉक्टर भेटले नाहीत, तर दुसऱ्यांना करा. जवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल, तर तेथील रुग्णालय ध्यानात ठेवा. अनेक राज्यांत आता फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा टेलिफोन क्रमांक आहे. तो मुख्यतः गुराढोरांसाठी असला, तरी आपल्या भागात त्याचा कितपत उपयोग होतो, ते आधीच विचारून ठेवावे.

'अजून तर तो खेळतो आहे, बघू सकाळी' हा विचार मनात येईल; तो झटकून टाका. प्राणी खेळतो आहे, हीच उपचाराची वेळ. औषध पोटात जाऊन तास-दोन तासच झाले असतील, तर ते ओकारी काढून बाहेर काढता येते. पुढे ते रक्तात मिसळते आणि काम दसपट अवघड होते. कित्येक विषांची लक्षणे दिसतात, ती हानी होऊन गेल्यावर.

मात्र ओकारी काढायची की नाही, हे आपण ठरवायचे नाही. काही औषधे वर येताना अन्ननलिका जाळतात. आणि गुंगी आलेल्या वा झटके येत असलेल्या प्राण्याच्या ओकारीतील अन्न श्वासनलिकेत जाऊन तो मूळ विषाआधी त्यानेच मरतो. ओकारीसाठी मिठाचे पाणी पाजण्याचा जुना उपाय तर मुळीच करू नये. त्या मिठानेच कुत्रे दगावू शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडविषयी आपण कोठेतरी वाचले असेल. ते मांजराला कधीही देऊ नये, आणि कुत्र्यालाही पशुवैद्याने त्या वेळी सांगितल्यावाचून देऊ नये. दूध हा सर्व विषांवरचा उतारा नव्हे. तूप वा तेल बळेच तोंडात ओतले, की ते फुप्फुसात उतरते. वैद्य जो औषधी कोळसा देतात, तो निराळ्या रीतीने तयार केलेला असतो. चुलीतला कोळसा उगाळून ते काम होत नाही. आणि एका औषधाचा परिणाम मारण्यासाठी आपल्या अकलेने दुसरे औषध देणे म्हणजे एका चुकीला दुसरीची सोबत देणे होय.

घरी करता येण्याजोग्या दोनच गोष्टी आहेत. चुकीचे औषध कातडीवर लावले असेल, तर प्राण्याला ते चाटू देऊ नका, आणि भांडी घासण्याच्या पातळ साबणाने व कोमट पाण्याने तो भाग धुवून काढा. कढत पाणी नको, थंडगारही नको. नंतर अंग पुसून त्याला उबेत ठेवा. पण कापरे सुरू झाले असेल, तर धुण्यात वेळ न घालवता आधी दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट इन्सुलिनची. ते अधिक गेले आणि प्राणी शुद्धीवर असेल, तर त्याला लगेच खाऊ घाला. तो लडखडू लागला वा गळाठला, तर बोटावर मध किंवा साखरेचा पाक घेऊन हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका. आणि तशाच स्थितीत दवाखान्याकडे निघा. साखरेने थोडी तरतरी आली, म्हणून वाटेतून परत फिरू नका. ती टिकत नाही.

दवाखान्यात नेताना मांजर झाकणाच्या टोपलीत घाला. औषधाचे खोके बरोबर घ्या. प्राण्याने ओकले असेल, तर ते पिशवीत भरून न्या. किळस करू नका, त्यात गोळीचा तुकडाही सापडतो. आणि चूक जिच्या वा ज्याच्या हातून झाली, ती व्यक्ती शक्यतो बरोबर असावी. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या हकिकतीत 'बहुतेक' आणि 'असेल' फार असतात.

एक दिलासाही देतो. प्रत्येक चूक जिवावरची नसते. काही जंतनाशकांची दुप्पट मात्रा गेली, तरी बहुधा जुलाबापलीकडे काही होत नाही, आणि डॉक्टर आपल्याला 'नुसते लक्ष ठेवा' एवढेच सांगतील. पण हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. आपला अंदाज तेथे चालवू नये. तसेच, दुहेरी मात्रा झाली म्हणून पुढची मात्रा मनानेच चुकवू नये आणि मनानेच देऊही नये. विचारावे.

या चुका टाळण्याचे उपाय साधे आहेत. माणसांची औषधे आणि प्राण्यांची औषधे एका फडताळात ठेवू नयेत. आपल्या देशात जनावरांच्या औषधावर ते माणसांसाठी नाही असे छापलेले असते आणि पाळीव जनावराच्या मुंडक्याची खूण असते. ती पाहून मगच झाकण उघडावे. भिंतीवर एक दिनदर्शिका टांगावी, आणि जो औषध देईल त्याने त्या तारखेवर खूण करावी. खूण नसेल, तरच दुसऱ्याने द्यावे. आणि साखररहित म्हणून मिळणारी माणसांची पातळ औषधे कुत्र्याला देऊ नयेत. त्यांपैकी काहींत झायलिटॉल असते; त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते.

आता शेवटची हकिकत. २००९ सालची. संध्याकाळची वेळ. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मांजराचे पिल्लू छातीशी धरून धापा टाकीत माझ्या दवाखान्यात शिरला. मागून त्याची आई. त्याने पिल्लू टेबलावर ठेवले, मुठीतली औषधाची नळी माझ्यापुढे धरली आणि एका दमात सांगितले, "काका, माझी चूक झाली. हे कुत्र्याचं औषध मी हिला साडेचारला लावलं. सगळं लावलं." आईचा हात वर गेला होता, तो मी मध्येच धरला. पिल्लू त्या वेळी अगदी ठणठणीत दिसत होते. आम्ही ते साबणाने धुतले, पुसून उबेत ठेवले. रात्री त्याला कापरे भरले, पण आमची तयारी झालेली होती. दोन दिवस त्याला औषधांच्या गुंगीत ठेवावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी ते दूध प्यायले. त्या मुलाच्या तीन लहान वाक्यांत कर्ता होता, कर्म होते, वेळ होती, मात्रा होती. माझ्या साऱ्या विद्येइतकेच ते पिल्लू त्या तीन वाक्यांनी वाचले.

मुलगा निघाला, तेव्हा मी त्याला शाबासकी दिली. त्याला ती कशाबद्दल, हे कळले नसावे. चूक करून शाबासकी मिळते, असा अनुभव त्याला पूर्वी नसणार. आणि अशी शाबासकी देण्याची सवय मलाही सोनी जाण्यापूर्वी नव्हती.

आमच्या घरच्या औषधांच्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कागद पिवळा पडला आहे. आई जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्यावरची पहिली ओळ तिच्या हातची आहे : 'यातले काहीही मांजराला देऊ नये.' तिच्याखालची ओळ मी लिहिली : 'दिले गेल्यास ताबडतोब सांगावे. कोणी रागावणार नाही.' आपल्या घरी कुत्रे वा मांजर असेल, तर आज रात्री निजण्यापूर्वी असा एक कागद आपणही लावा, आणि त्याखाली आपल्या पशुवैद्याचा टेलिफोन क्रमांक लिहून ठेवा.